अम्मींच्या डबीतले अकरा दाणे

गेल्या मे महिन्यात खालापूर तालुक्यातले आमचे जुने घर उतरवले. कौले काढली, वासे निघाले आणि भिंती एका दिवसात आडव्या झाल्या. अम्मी आमच्याकडे कर्जतला राहायला आल्या. सोबत एक ट्रंक होती. तिच्यात दोन शाली, निकाहनाम्याची घडी, मरहूम अब्बांचा चष्मा आणि सुपारी ठेवायची एक पत्र्याची डबी. डबी उघडली तर आत सुपारी नव्हती, काळे दाणे होते. मोजले तर अकरा.

"इश्कपेचाचे आहेत," अम्मी म्हणाल्या. "दारातल्या वेलाचे. तुझ्या अब्बांनी शेवटच्या वर्षी काढून ठेवले होते. लाव आता."

तो वेल आमच्या लहानपणाचा. पडवीच्या खांबाला अब्बा सुतळी बांधून द्यायचे आणि गणपतीच्या सुमारास तो खांब बारीक पानांनी हिरवागार व्हायचा. त्यावर लाल चांदण्यांसारखी फुले यायची. शेजारच्या काकू त्याला गणेशवेल म्हणत, आम्ही इश्कपेचा. लहानपणी हे दोन वेगळे वेल आहेत असेच वाटायचे. एक त्यांच्या कुंपणावर, एक आमच्या खांबावर. वेल मात्र एकच.

घर गेले, खांब गेला. उरले अकरा दाणे. काचबिंदूमुळे अम्मींना पाच वर्षांपासून उजेड आणि अंधार एवढेच कळते. त्यांना फूल दिसणार नव्हते, तरी त्यांना तो वेल हवा होता. "होय, लावतो," असे आम्ही सहज बोलून गेलो. बी मातीत टाकायचे, पाणी घालायचे, त्यात काय मोठे! पुढचे चार महिने या "त्यात काय मोठे"ने आम्हाला बरेच शिकवले. आपल्या वाचक भगिनी-बंधूंच्या घरीही अशी एखादी डबी, एखादी पुडी असेलच. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पहिली चूक: घाई

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला आणि आम्ही चार दाणे गॅलरीतल्या कुंडीत टोचले. माती होती शेतातून आणलेली. चार दिवसांनी कोंब दिसले. चार दाणे आणि कोंब मात्र नऊ! धाकटी खूश झाली. आम्ही त्यातले सर्वांत जोमदार रोप निवडले, बाकीचे उपटले आणि त्या एकाला काडीचा आधार दिला. तीन आठवडे रोज पाणी घातले. ते काडीला काही बिलगेना.

शेवटी अम्मींना बोलावले. त्यांनी पान बोटांत धरले, चुरगाळले, वास घेतला आणि हसल्या. "अरे, हा टाकळा आहे. याची भाजी करतात, याला काठी नाही देत."

पावसाच्या सुरुवातीला टाकळा रस्त्याच्या कडेला ढिगाने उगवतो, हे कर्जत-खालापुरात लहान मूलही जाणते. शेतातल्या मातीबरोबर त्याचे बी आमच्या कुंडीत आले होते. आमचे चार दाणे कडक सालीमुळे तसेच पडून राहिले आणि जुलैच्या धो-धो पावसात कुजले. किंवा उगवलेही असतील आणि "बाकीचे" म्हणून आम्हीच उपटून टाकले असतील. आता कळायला मार्ग नाही. डबीत सात दाणे उरले.

रोप ओळखायचे कसे?

आम्ही भाषा शिकवतो, विज्ञान हा आमचा विषय नव्हे. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बीजपत्रे कशी होती?"

बी उगवताना सर्वांत आधी जी दोन पाने बाहेर येतात ती बीजपत्रे. ती झाडाच्या पुढच्या पानांसारखी नसतात. पण प्रत्येक कुळाची बीजपत्रे आपापल्या घाटाची असतात आणि तीच रोपाची पहिली ओळख. टाकळ्याची बीजपत्रे गोलसर असतात, मोहरीची आणि मुळ्याची बदामी आकाराची. इश्कपेचा ज्या कुळातला आहे त्या कुळाची खूण म्हणजे प्रत्येक बीजपत्राच्या टोकाला मधोमध खाच. त्यामुळे जोडी बसलेल्या फुलपाखरासारखी दिसते.

या कुळाला शास्त्रात आयपोमिया म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दांचा अर्थ "अळीसारखा", म्हणजे वळवळत, पिळे घालत जाणारा. हे कुळ आपल्या फार जवळचे आहे. रताळे यातलेच. तळ्याकाठी मिळणारी नाळीची भाजी यातलीच. अलिबाग-मुरूडच्या वाळूत पसरणारी मर्यादवेल आणि ओढ्याकाठी माजणारी बेशरमही याच कुळातली. म्हणून नुसते "फुलपाखरू दिसले" एवढ्यावर थांबून चालत नाही, पुढे पाहावे लागते. आम्ही जे पाहून आणि विचारून शिकलो ते असे:

इश्कपेचा किंवा गणेशवेल (आयपोमिया क्वामोक्लिट): बीजपत्राची खाच जवळजवळ बुडापर्यंत जाते. प्रत्येक पत्राचे दोन अरुंद, लांब फाटे होतात. फुलपाखरापेक्षा चिमट्याची आठवण व्हावी, असे. त्यानंतर येणारे खरे पान कंगव्यासारखे किंवा पिसासारखे बारीक चिरलेले. या पानावरून पुढे चूक होत नाही. बी लांबट, सुमारे पाच मिलिमीटरचे, आणि एका बोंडात साधारण चार.

नीळवेल, म्हणजे काळा दाणा (आयपोमिया निल): बीजपत्रे रुंद, चौकोनी वाटावीत अशी, मध्ये खाच. हे खरे फुलपाखरू. पुढची पाने बहुधा तीन भागांची. फूल मोठे, निळे, कर्ण्यासारखे. बी काळे आणि तीन धारांचे, संत्र्याच्या फोडीसारखे. बोंडात सहापर्यंत बिया.

बागेतली मॉर्निंग ग्लोरी (आयपोमिया परप्युरिया): बीजपत्रे नीळवेलीसारखीच, पण पुढची पाने बदामाच्या आकाराची. बाजारातल्या पाकिटात बहुतेक वेळा ही किंवा तिची भावंडे असतात.

लाल पुंगळी (आयपोमिया हेडरिफोलिया): बीजपत्रांची खाच खोल असल्यामुळे सुरुवातीला इश्कपेचाचा भास होतो. खरे पान आले की फरक कळतो, कारण ते कंगव्यासारखे नसून अखंड किंवा तीन भागांचे असते. पावसाळ्याच्या शेवटी कुंपणांवर दिसणाऱ्या छोट्या शेंदरी पुंगळ्या याच वेलाच्या.

थोडक्यात, दोनदा पाहायचे. एकदा बीजपत्रे उघडल्यावर आणि एकदा तिसरे-चौथे पान आल्यावर. तोवर काहीही उपटायचे नाही.

डबीत दोन जाती

ही माहिती घेऊन आम्ही उरलेले सात दाणे पांढऱ्या कागदावर मांडले आणि भिंग धरले. पाच दाणे तीन धारांचे होते, फक्त दोन लांबट. म्हणजे डबीत नीळवेलीचे दाणे जास्त होते आणि इश्कपेचाचे दोनच. वाया घालवलेल्या चारांत किती इश्कपेचाचे गेले, कोण जाणे!

अम्मींना हे सांगायला जीभ रेटेना. सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "विहिरीजवळ निळा वेलही होता. तुझे दादा त्याचे बी काढून हकीमसाहेबांना देत. ते दाणेही याच डबीत पडत असतील."

दोन डब्यांचा हिशोब एका डबीत झाला होता. अब्बांनीही कधी निवडून ठेवले नव्हते, कारण त्यांना गरजच नव्हती. दारातला वेल दरवर्षी आपणच उगवत होता. सारे काही जागच्या जागी असते तोवर कोणी चिठ्ठी लिहीत नाही.

हकीमसाहेबांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. युनानी वैद्यकात या बियांना हब्बुन्नील म्हणतात. नील म्हणजे निळा. लॅटिन शास्त्रीय नावातला "निल" हाही मुळात तोच शब्द. काळा दाणा जुलाबाचे औषध म्हणून वापरात होता आणि १८६८ च्या फार्माकोपिया ऑफ इंडिया या सरकारी औषधग्रंथातही त्याला जागा मिळाली होती. पण जे औषध मोजून द्यायचे ते मूठभर खाल्ले तर विष. मुलाने या बिया खाल्ल्या तर उलट्या, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात. घरच्या घरी औषध म्हणूनही हे दाणे कोणी घेऊ नयेत आणि गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही. बाजारातल्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असते, तो धोका वेगळा. आमच्या घरी ही डबी आता फळीवर वरच्या बाजूला असते.

शेळ्या-बोकड पाळणाऱ्या घरांना एक सूचना. बेशरमचा पाला जनावरांना घालू नये. पावसाळ्यात हिरवा दिसतो म्हणून कापून आणला जातो. शेळ्या तो सतत खात राहिल्या तर त्यांचा तोल जातो, त्या थरथरतात, खंगत जातात. नाळीची भाजी खुडतानाही जाणत्या माणसाला सोबत घ्यावे. तिचा दांडा पोकळ असतो, ती पाण्यात किंवा चिखलात पसरते आणि पान बाणाच्या टोकासारखे असते. बेशरम मात्र झुडपासारखी उभी वाढते आणि तिचा दांडा मोडला की दुधासारखा चीक येतो.

दाणा जागा कसा करायचा?

इश्कपेचाच्या बीची साल कडक असते, पाणी आत जाऊ देत नाही. रानात हे बी महिनोन् महिने मातीत पडते, घासते, तापते, भिजते आणि मग कधीतरी उगवते. आपल्याला इतका धीर नसतो. म्हणून साल थोडी उघडावी लागते.

रहूचे भात कसे भिजवून, मोड आणून पेरतात, ते आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. इथे भिजवण्याआधी एक पायरी जास्त. दाण्याला एका टोकाशी फिकट डाग असतो. तो देठाचा डाग, अंकुर त्याच्या जवळून निघतो. त्याच्या विरुद्ध बाजूला बारीक पॉलिश पेपरवर दाणा हलकेच घासायचा. काळी साल जाऊन आतला फिकट रंग दिसला की थांबायचे. नेलकटरने एक टिचकी मारली तरी चालते, पण हात हलका हवा. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी दाणा फुगून जवळजवळ दुप्पट झाला, तर पाणी आत गेले. फुगला नाही तर पुन्हा जरा घासून आणखी एक रात्र. फुगलेला दाणा मात्र पाण्यात ठेवून द्यायचा नाही, तो कुजतो.

आम्ही सात दाणे घासले. सकाळी सहा फुगले. न फुगलेला एक होता, आणि तो नेमका लांबट! त्याला पुन्हा पॉलिश पेपर दाखवला. दुसऱ्या दिवशी तोही फुगला.

माती हलकी हवी. आम्ही एक भाग माती, एक भाग चाळलेले जुने शेणखत आणि एक भाग वाळू व भाताचे तूस असे मिसळले. शेतातल्या मातीवर आधी उकळते पाणी ओतून ती गार केली, म्हणजे टाकळ्याने पुन्हा फसवू नये. या वेलांना मुळे हलवलेली आवडत नाहीत. म्हणून वर्तमानपत्राच्या पट्ट्या पेल्याभोवती गुंडाळून कागदी कप केले. रोप चार पानांचे झाले की कपासकट मोठ्या कुंडीत ठेवायचे, कागद मातीत विरून जातो. एका कपात एक दाणा, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त खोल नाही. आणि प्रत्येक कपावर तारीख.

आता वेळेबद्दल. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. कोवळे रोप त्या माऱ्यात टिकत नाही. म्हणून दोनच वेळा सोयीच्या. एक तर जूनच्या सुरुवातीला, पागोळ्यांपासून दूर, छपराखाली. किंवा ऑगस्टच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरताना. आम्ही दुसरी निवडली.

पाचवा दिवस, आठवा दिवस

पाचव्या दिवशी सकाळी धाकटी ओरडत आली, "दादी, फुलपाखरे!" पाच कपांपैकी चारांत रुंद, खाचेची बीजपत्रे उघडली होती. त्या नीळवेली. पाचवा एक दिवसाने आला. लांबट दाण्यांचे दोन कप तसेच कोरडे मख्ख.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. शाळेतून येताना खोपोली-कर्जत गाडीत बसले की डोक्यात तेच. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, प्रत्येक स्टेशनाच्या कुंपणावर आयपोमियाची कुठली ना कुठली जात बेफिकीर चढलेली. या कुळातल्या एका जातीला इंग्रजीत रेल्वे क्रीपरच म्हणतात. जिथे कोणी लावत नाही तिथे रान माजते आणि आमच्या कपात एक कोंब निघेना.

आठव्या दिवशी एका कपात माती जराशी उचललेली दिसली. संध्याकाळपर्यंत दाण्याची टोपी डोक्यावर घेऊन एक दांडा वाकून उभा होता. धाकटी ती टोपी काढायला निघाली, तिला थांबवले. ओढली तर बीजपत्रे तुटतात. टोपी सुकली असेल तर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, ती आपणच गळते. दुसऱ्या दिवशी टोपी गळली आणि दोन चिमटे उघडले. चार अरुंद फाटे.

दुसरा लांबट दाणा उगवला नाही. पंधरा दिवसांनी उकरून पाहिले तर आत नुसता चोथा होता. अकरा दाण्यांतून इश्कपेचाचे एक रोप.

अम्मींनी त्या दिवशी रोपाला हात लावला नाही. "मोठे होऊ दे," म्हणाल्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांची खुर्ची कुंडीजवळ ठेवली. त्यांनी एक पान दोन बोटांत धरून हळूच खालून वर बोट फिरवले. कंगव्याच्या दातांवरून फिरवावे तसे. "हाच," एवढेच म्हणाल्या आणि मग बराच वेळ खांबाच्या, पडवीच्या, अब्बांच्या सुतळीच्या गोष्टी सांगत बसल्या.

वेल चढताना

चार-पाच पाने आली की वेल आधार शोधतो. जाड बांबूपेक्षा सुतळी बरी. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवे. खत बेताने, जास्त घातले तर पाने माजतात आणि फुले रुसतात. जमिनीत लावले तर दोन रोपांत वीतभर अंतर. पानांवर गोल भोके दिसली तर पान उलटून पाहा, सोनेरी पाठीचा कासवासारखा किडा सापडेल. तो मुलांना दाखवून हाताने वेचावा, फवारणी लागत नाही.

मुलांना आणखी एक गंमत दाखवा. हा वेल कोणत्या बाजूने वळतो? वरून पाहिले तर घड्याळाच्या उलट दिशेने. आमच्या थोरल्याने शेंडा मुद्दाम उलटा गुंडाळून ठेवला. वेलाने तो सोडवून घेतला आणि पुन्हा आपल्याच दिशेने वळला.

उर्दूच्या वर्गात आम्ही ही कुंडी नेली होती. जुने कोशकार सांगतात की "इश्क" हा शब्दच अरबीतल्या एका वेलाच्या नावावरून आला. तो वेल झाडाला वेढतो आणि शेवटी झाडच सुकते. मुलांना शब्द लक्षात राहिला आणि वेलही. मराठीच्या तासाला त्याच कुंडीवर "गणेशवेल" अशी चिठ्ठी लावली. एका मुलीने विचारले, "सर, मग याचे खरे नाव कोणते?" आम्ही म्हणालो, "दोन्ही."

दिव्याखालचा वेल

ऑक्टोबरच्या मध्यावर इश्कपेचाला पहिली कळी आली. नीळवेली मात्र दोन महिने उलटत आले तरी नुसत्या पाने देत होत्या. त्या आम्ही सोसायटीच्या जिन्याजवळच्या कठड्याला चढवल्या होत्या, आणि तिथे रात्रभर ट्यूबलाइट जळते.

कारण पुस्तकात सापडले. नीळवेल रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र पुरेशी लांबली की ती कळ्या धरते. वनस्पतिशास्त्रात तिची एक जपानी जात यासाठी प्रसिद्ध आहे. कोवळ्या रोपाला, बीजपत्रांच्या वयात, एकच सोळा तासांची अखंड रात्र मिळाली तरी ते फुलायला लागते. मधेच उजेड पडला तर ती रात्र मोजली जात नाही. आमच्या वेलींना रात्रच मिळत नव्हती.

कुंड्या मागच्या, अंधाऱ्या गॅलरीत हलवल्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले निळे फूल उमलले. हे फूल अंधार पडल्यापासून साधारण दहा तासांनी उघडते. फज्रसाठी उठावे तेव्हा ते उमललेले असते, दुपारपर्यंत मिटते. मिटलेल्या निळ्या पाकळीवर लिंबाचा रस टाका, ती गुलाबी होते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही आम्ल शिकवता येते.

जपानमध्ये या फुलाला असागाओ, म्हणजे सकाळचा चेहरा, म्हणतात. तिथेही ते आधी औषधी बी म्हणून चीनमधून गेले आणि मग बागेत आले. तोक्योतल्या इरिया भागात दरवर्षी ६ ते ८ जुलैला त्याचा बाजार भरतो. पहिलीच्या वर्गातली मुले शाळेत एकेक कुंडी लावतात, तिची नोंद ठेवतात आणि सुट्टीत ती घरी नेतात. आपल्या शाळांना यात खर्च काय? कागदी कप आणि एक दाणा.

बी ठेवताना

बोंड हिरवे असताना काढू नये. ते तपकिरी, कडकडीत झाले की फुटायच्या आत खुडावे, चार दिवस सावलीत वाळवावे आणि कागदी पुडीत ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. फुटू दिले तर पुढच्या पावसात सगळीकडे तेच. इश्कपेचा आणि लाल पुंगळी मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. दारात शोभतात, पण शेताच्या बांधावर किंवा माथेरानच्या उतारावर त्यांचे बी टाकू नये. तिथली झाडे त्यांच्याखाली गुदमरतात.

आमच्या एका वेलाने डिसेंबरपर्यंत त्रेसष्ट दाणे दिले. एकाच रोपाचे बी पिढ्यान् पिढ्या लावत राहणे मात्र बरे नाही. चार्ल्स डार्विनने आयपोमिया परप्युरिया दहा पिढ्या लावून हे मोजले आणि १८७६ च्या पुस्तकात मांडले. दुसऱ्या रोपाचे पराग मिळालेल्या झाडांची उंची सरासरी १०० धरली तर स्वतःच्याच परागावर वाढलेल्यांची ७७ भरली. म्हणून आम्ही शेजारच्या काकूंच्या मुलाकडे गेलो. त्यांनी गावच्या कुंपणावरचे गणेशवेलीचे वीस दाणे दिले, आम्ही आमचे वीस दिले. या जूनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लावले आहेत.

अम्मींची डबी पुन्हा ट्रंकेत गेली आहे. आता तिच्यात दोन पुड्या आहेत. एकीवर लिहिले आहे, "इश्कपेचा, म्हणजेच गणेशवेल. खालापूरच्या घराचा." दुसरीवर, "काळा दाणा. खाऊ नये." दोन्हींवर तारीख आहे. अम्मींना अक्षरे दिसत नाहीत, म्हणून इश्कपेचाच्या पुडीला आम्ही सुतळीचा तुकडा बांधला आहे.

आपल्याही घरी विचारा. आजी, नानी, दादी कोणते बी जपून ठेवत होत्या? त्या आहेत तोवर नाव विचारून घ्या आणि पुडीवर लिहा.